खांद्यातलं दार

वीज गेली. पंखा गरगरत थांबला, ट्यूब विझली, खाली आमलीच्या रस्त्यावरचं झेरॉक्सचं मशीन कोणाच्या तरी रेशनकार्डाच्या अर्ध्यावर अडकून पडलं, आणि समोरच्या कॅसेटच्या दुकानातला गायक गाता गाता म्हातारा होऊन गप्प झाला. फक्त झुंबरच्या उजव्या खांद्यावरचं मशीन तेवढं चालू राहिलं. हूंऽऽऽ. जाडसर, एकसुरी, विश्वासाचा आवाज. झुंबर भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसला होता. दवाखान्याचा तसा नियमच होता, मशीनच्या लाल उजेडाकडे बघायचं नाही, डोळ्यांना त्रास होतो. म्हणून सगळे पेशंट भिंतीकडे बघत. भिंतीवर कातडी काढलेल्या माणसाचं चित्र होतं. सगळे स्नायू उघडे पडलेले असूनही तो माणूस निवांत उभा होता, खानवेलच्या बसची वाट बघत असल्यासारखा. झुंबरला आधी वाटलं, मशीन वेगळ्या फेजवर असेल. कारखान्यांना नसते का वेगळी लाइन? मग त्याला वाटलं, दवाखान्याला कोण देतंय वेगळी लाइन. आणि जे कधी करायचं नाही ते त्याने केलं. त्याने मान वळवली.

मशीनचं डोकं अंधारात त्याच्या खांद्यावर गोल गोल फिरत होतं. त्यातला लाल दिवा विझलेला होता. ते डोकं धरून उभी असलेली रजनीताई खिडकीबाहेर कुठेतरी बघत होती, घरी भाजी काय आहे याचा विचार करावा तशी, आणि मिटल्या ओठांनी हूंऽऽऽ करत होती.

झुंबर बघत राहिला. रजनीताईचं लक्ष खिडकीवरून पंख्याकडे गेलं, पंख्यावरून झुंबरकडे. हूं मध्येच तुटलं.

"बंद झालं," ती म्हणाली.

"हो," झुंबर म्हणाला. "आत्ता झालं."

रजनीताई चिपळूणकडची. नवऱ्याची इथल्या सरकारी कचेरीत बदली झाली म्हणून सिल्वासाला आली आणि या खाजगी दवाखान्यात दुखणाऱ्या सांध्यांकडे बघू लागली. तिने टेबलावरची मेणबत्ती पेटवली आणि झुंबरच्या खांद्यावरचा गार चिकट जेल पुसून घेतला. तेवढ्यात तिला काहीतरी खोटं सांगता आलं असतं. मशीनला बॅटरी आहे वगैरे. पण तिने स्टूल ओढलं आणि बसली. "याला आवाजच नाही हो," ती म्हणाली. "म्हणजे आवाज आहे. हे मशीन आवाजानेच चालतं. पण तो माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. ऐकायचा तर वटवाघूळ व्हायला लागेल."

"आणि हूं?"

"ते माझं." तिने गळ्याला हात लावला. "सुरुवातीला मी गप्पच बसायची. एक माणूस दुसऱ्यांदा फिरकेल तर शपथ. तुमच्यातला तो सुकदेव, त्याने मशीनला कान लावला. म्हणतो कसा, ताई, हे बंद आहे. उगीच गार वाटी फिरवताय. गावभर सांगितलंन मेल्याने. मग एकदा सहज माझ्या तोंडून हूं निघालं, तर समोरचा पेशंट म्हणाला, हां, आता लागतंय बरोबर. तेव्हापासून हे चाललंय. संध्याकाळी घसा असा धरतो ना, की घरी ज्येष्ठमध चघळत बसते. नवरा म्हणतो, तिथं काम करतेस की कीर्तन?"

झुंबरला हसू यायला हवं होतं. आलं नाही. सुकदेवची चूक त्याला चूक वाटेना. सुकदेव आणि तो एकाच गावचे, नंदुरबारकडचे, आणि गलोंड्याच्या रस्त्यावरच्या एकाच सुताच्या कारखान्यात. करमाफीच्या ओढीने जे कारखाने सिल्वासात येऊन बसले त्यांतला तो एक. तिथे सरळ सूत मशीनमध्ये जातं आणि कुरळं होऊन बाहेर येतं. एवढ्यासाठी इतका आवाज होतो की शेजारच्याला हाक मारायची तर खांद्याला हात लावावा लागतो. तिथे मशीन म्हणजे आवाज. आवाज थांबला की पळायचं, बघायचं काय तुटलं, साहेब यायच्या आत जोडायचं. मुकं मशीन म्हणजे मेलेलं मशीन, हे त्या शेडमध्ये कोणी कोणाला शिकवत नाही, ते हाडात उतरतं. आणि आता ही बाई सांगत होती की एक मशीन असं आहे जे मुकं असतं तेव्हाच चालतं.

"मंग माझा हात?" त्याने विचारलं. "छातीपासून कानापर्यंत आला तो कोणी आणला? मशीननं का तुम्ही?"

रजनीताईने प्रामाणिकपणे विचार केला. "मशीनने," ती म्हणाली. "बहुतेक."

"कोणाला सांगू नका हां," तो जिना उतरताना तिने वरून सांगितलं.

"कोणाले सांगू," झुंबर म्हणाला. "मलेच पटत नाही."

रस्त्यावर वीज परत आली होती. कॅसेटमधला गायक तरुण झाला होता. झुंबर दुकानांच्या उजेडातून चालत राहिला आणि प्रत्येक उजेड त्याच्या खांद्यावर थोडा थोडा पडत राहिला. सोमवारी तपासणी होती. प्रभाकरसाहेब तसा वाईट माणूस नव्हता. वरून हुकूम आला होता की ज्याचा हात वरच्या खिळीला पोचत नाही त्याला मशीनवर ठेवायचं नाही. सुताच्या जड बॉबिन अडकवायची ती उंच लोखंडी चौकट, तिला सगळे क्रील म्हणत, आणि तिची सगळ्यात वरची खिळी डोक्याच्याही वर होती. प्रभाकरसाहेबाने त्याला बाजूला घेऊन कानात ओरडून सांगितलं होतं, "झुंबर, तुला म्हणून सांगतो. सोमवारपर्यंत हात वर ने. नाहीतर हिशोब करून गावाला जायला लागेल तुला. माझ्या हातात काही नाही." हात कोणाच्याच हातात नव्हता. झुंबरला गावाला जायची भीती नोकरी जाण्याच्या भीतीपेक्षा मोठी होती. गावाला जायचं म्हणजे गोकुळच्या घरी जायचं, आणि गोकुळच्या घराला दार नव्हतं. दार झुंबरकडे होतं.

ते असं झालं होतं. बाप गेल्यावर दोघा भावांची वाटणी झाली. घर एक, भाऊ दोन. पंच म्हणाले, घर थोरल्याला, धाकट्याला बैल. झुंबर म्हणाला, बैल सिल्वासात कुठे बांधू, कारखान्याला? पंच म्हणाले, मग भांडी घे. झुंबर इतका चिडला होता की त्याला काहीतरी असं मागायचं होतं जे दिल्यावर घर घर राहणार नाही. तो म्हणाला, दार द्या. पंचांना बरंच वाटलं, स्वस्तात मिटलं. सागवानी, एकफळी, जड दार. वरच्या बाजूला लोखंडी कडी. गोकुळनेच दार चौकटीतून उचलून काढलं, त्यानेच ते झुंबरच्या उजव्या खांद्यावर नीट बसवलं. "सांभाळून," म्हणाला. "कडी लागीन." झुंबरला मागे वळून बघायचं होतं. पण खांद्यावर दार असलं की माणसाला वळता येत नाही. माणूस थोडा वळतो, दार फार वळतं, आणि कोणालातरी लागतं. म्हणून तो सरळ चालत गेला. एसटीच्या टपावर दार चढवताना कंडक्टरने विचारलं, "दार कोणाचं?" "माझं." "आणि घर?" "भावाचं." कंडक्टरने दाराचं अर्धं तिकीट फाडलं. मोठ्या माणसाएवढं असलं तरी अजून लहान आहे, असं काहीतरी त्याच्या मनात आलं असावं. सिल्वासाच्या स्टँडपासून आमलीच्या चाळीपर्यंत झुंबरने ते खांद्यावरून आणलं, तेव्हा खांदा पहिल्यांदा दुखला. मग तो दुखतच राहिला. दार उतरलं, वजन उतरलं नाही.

चाळीतल्या खोलीला आधीच दार होतं. म्हणून हे दुसरं दार भिंतीला टेकवून ठेवलं आणि ते तसंच राहिलं. सरुबाईने, म्हणजे झुंबरच्या बायकोने, त्यावर कॅलेंडर लावलं, खिळ्याला पिशव्या अडकवल्या. नवा पाहुणा जायला निघाला की हमखास त्या दाराकडे जायचा. घरमालकाने तर एकदा दारावर टकटक करून विचारलं होतं की यामागे आणखी एक खोली काढली आहे का, मग भाडं बघावं लागेल. सरुबाई म्हणाली, "काढली आहे ना. त्याच्यात यांचे भाऊ राहतात." घरमालकाला ते खरंच वाटलं आणि तो दबक्या पावलांनी गेला.

"काय म्हणे मशीन?" आज तिने विचारलं.

"काही म्हणत नाही," झुंबर म्हणाला. "मुकं आहे."

"चांगलं आहे. घरात एक मुका होता, आता दोन झाले." तिने ताट वाढलं. मग तिने न विचारता त्याचा शर्ट खांद्यावरून खाली केला आणि बघितलं, जणू आत काही दिसणार होतं.

दिसायला हवं होतं असंच कारखान्यातल्या सगळ्यांचं मत होतं. अल्ट्रासाउंड म्हटलं की त्यांना पोटुशा बाईचं पोट आठवायचं. विकी नावाचा एक आगाऊ पोरगा, आई मराठी, बाप वापीचा, भाषा मिळेल ती, तो रोज गेटवर गाठायचा. "काय झुंबरभाई, शूं आव्यूं? बाबो के बेबी?" म्हणजे मुलगा की मुलगी. झुंबर म्हणायचा, "दार." सगळे हसायचे. झुंबर हसायचा नाही, म्हणून ते आणखी हसायचे. रजनीताईला हे कळलं तेव्हा तिने समजावून सांगितलं होतं की ते बघायचं मशीन वेगळं, हे शेकायचं वेगळं. यात डॉक्टरांच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मेव्हण्याने मधोमध लाल दिवा बसवला आहे. उजेड वरून शेकतो, आवाज आतून चोळतो, आणि दोघांची गाठ जिथे पडते तिथे दुखणं असतं. झुंबरला ते लग्न जमवल्यासारखं वाटलं होतं. पण त्याच्या मनाने एक गोष्ट ठरवून टाकली होती, ती म्हणजे खांद्याच्या आत जागा आहे. उजेड जातो म्हणजे जायला वाट असणार. आवाज जातो म्हणजे तिथे कोणीतरी ऐकायला असणार.

रात्रपाळी करून आलं की तो भर दुपारी झोपायचा. पत्रा तापलेला असायचा आणि सरुबाईची लाल साडी खिडकीत पडदा म्हणून असायची, त्यामुळे खोलीभर लाल उजेड साठायचा. त्या दुपारी तो झोपेत आणि जागेपणात कुठेतरी मध्येच, उंबऱ्यावर बसावं तसा पडून होता. त्याला वाटलं, उजेड हळूहळू खांद्यातून आत चालला आहे आणि त्याच्यामागून आपण चाललो आहोत. आत अंगण होतं. शेणाने सारवलेलं, लालसर, संध्याकाळचं. अंगणाच्या पलीकडे घर होतं आणि घराच्या तोंडाशी गोणपाट लटकत होतं. गोणपाट आत यायचं, बाहेर जायचं, श्वास घेतल्यासारखं. तिथे कसलाच आवाज नव्हता. कारखान्यात आल्यापासून झुंबरच्या कानात सतत एक घरघर असायची, झोपेतही असायची, पण इथे तीही नव्हती. त्याला कळलं, हे रजनीताईचं मशीन. ती हूं करत नाही तेव्हा आत असं असतं. उंबऱ्यावर गोकुळ बसला होता. तो म्हातारा झाला नव्हता, उलट चौदा-पंधरा वर्षांचा होता, आणि झुंबर एकदम लहान. दाराची कडी फार वर होती. आई शेतावर गेली की झुंबरला आत जाता यायचं नाही. मग गोकुळ खाली बसायचा, म्हणायचा, ये चढ, आणि झुंबर त्याच्या खांद्यावर पाय देऊन उभा राहायचा. गोकुळ उठायचा. जग हळूहळू खाली जायचं आणि कडी हातात यायची, गार, जड, पाणी लागल्यासारखी. झुंबरला आठवलं की आपण ती कडी मुद्दाम लगेच काढायचो नाही. वरून गाव बघत उभे राहायचो. खालून गोकुळ म्हणायचा, "काढ ना लवकर, खांदा दुखी राहिला." आता खांद्यातल्या अंगणात गोकुळ गोणपाट धरून बसला होता आणि तक्रार न करता, हवामानाची बातमी द्यावी तसं म्हणाला, "झुंबर, वारा येतो रे."

तो जागा झाला तेव्हा सुकदेव आला होता आणि सरुबाईकडून चहा घेत दाराकडे बघत होता. तो नुकताच गावाहून आला होता.

"नाना कसा आहे?" झुंबरने गोकुळबद्दल विचारलं. कधी विचारायचा नाही, म्हणून सुकदेवने कप खाली ठेवला.

"बरा आहे ना भो. खोकला आहे. अजून गोणपाटच आहे दाराला. मी म्हटलं, नाना, आता तरी एखादं फळ्याचं दार लावून घ्या, कुत्री शिरतात. तर म्हणे, दार आहे की." सुकदेवने भिंतीकडे बोट केलं. "म्हणे, झुंबरकडे आहे."

शनिवारी रजनीताईने मशीन लावलं, जेल चोळला, लाल दिवा पेटला आणि तिने सवयीने घसा साफ केला. झुंबर भिंतीवरच्या कातडी नसलेल्या माणसाला बघत म्हणाला, "ताई, नका करू."

"काय?"

"हूं."

"मग लागेल का?"

"पाहू."

ती गप्प राहिली. मशीनही गप्प राहिलं. वाटी गोल गोल फिरत होती, आधी गार, मग कोमट, मग कुठेतरी खोल, हाडाजवळ, उन्हात ठेवलेल्या पाण्यासारखी. झुंबर ऐकत होता. ऐकायला काहीच नव्हतं म्हणून तो जोर लावून ऐकत होता, दाराला कान लावल्यासारखं. खाली रस्त्यावर कोणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं, ते दूरच्या गावाला चाललं असावं असं वाटलं. मग आतून, अगदी स्पष्ट, कर्रकन आवाज आला. सागवानी दार उन्हाळ्यात उघडताना यायचा तसा.

"ऐकलं?" तो म्हणाला.

"ऐकलं," रजनीताई म्हणाली. "सांधा वाजला तुमचा. चांगलं असतं ते."

झुंबरने मान हलवली. दार वाजलं असं तो म्हणाला असता तर तिने तेही केसपेपरवर लिहून घेतलं असतं. हात मात्र कानाच्या वर जाईना. तिथे आला की थांबायचा. दुखत नव्हतं. नुसतं पलीकडून कोणी धरल्यासारखं व्हायचं. "सोमवारी कसं करणार?" रजनीताईने विचारलं. तिच्या आवाजात, मशीनशिवायच्या, खरी काळजी होती. झुंबर म्हणाला, "बघू ना. हात आहे, जाईन कुठे."

सोमवारी पहिल्या पाळीला शेडमध्ये सगळी मशीनं चालू होती. तपासणी चालू मशीनवरच घ्यायची असते, बंद मशीनसमोर कोणीही हात वर करील. प्रभाकरसाहेब हातात पेन धरून उभा होता. विकीने लांबूनच पोट धरल्याची नक्कल केली. सुकदेवचा हात वर गेला, उतरला. मग प्रभाकरसाहेबाने झुंबरच्या डाव्या, चांगल्या खांद्याला हात लावला, म्हणजे हाक मारली. झुंबरने उजव्या हाताने बॉबिन उचलली. आवाज इतका होता की त्यात काहीच ऐकू येत नव्हतं, आणि काहीच ऐकू येत नसल्यामुळे ते अगदी त्या लाल अंगणासारखं होतं. हात छातीपाशी आला. कानापाशी आला. थांबला. त्याला वाटलं, संपलं. आता ट्रंक, सरुबाई, एसटी, आणि गोणपाट बाजूला करून, हात खाली पाडून, काम गेलं म्हणून आलो असं गोकुळला सांगायचं. दार कोणी उचलायचं तेव्हा? या हाताने? त्याच्या घशातून काहीतरी वर आलं. रडू असावं. पण तोंड मिटलेलं होतं म्हणून ते हूंऽऽऽ असं निघालं. शेजारी उभ्या प्रभाकरसाहेबालाही ते ऐकू गेलं नाही. खुद्द झुंबरलाही नाही. फक्त हाडांत ते लागलं, हनुवटीतून मानेत, मानेतून खांद्यात. त्याने आणखी जोर लावला. कोणालाच ऐकू येत नाही अशा आवाजात तो जन्मात पहिल्यांदा बोलत होता. नाना, बस जरा खाली. चढू दे. आणि पायाखाली काहीतरी भरीव आलं, हलकेच उठलं, शेड थोडी खाली गेली आणि बोटांना लोखंड लागलं. गार, जड.

बॉबिन खिळीवर बसली. प्रभाकरसाहेबाने पेनाने टिक केली आणि हात खाली घे अशी खूण केली. झुंबरने हात लगेच खाली घेतला नाही. तिथून शेड कशी दिसते ते बघत उभा राहिला. मग त्याला आठवलं की खालच्याचा खांदा दुखतो. त्याने हात खाली घेतला.

त्याने चार दिवसांची रजा मागितली. प्रभाकरसाहेब गेटबाहेर आल्यावर, माणसाच्या आवाजात म्हणाला, "अरे, नोकरी राहिली तर लोक पेढे वाटतात. तू गावाला चाललास?"

"जावं लागत नाही ना आता," झुंबर म्हणाला. "म्हणून चाललो."

सरुबाईने कॅलेंडर काढलं, पिशव्या काढल्या. दार हललं तेव्हा मागच्या भिंतीवर दाराएवढी पांढरीशुभ्र जागा निघाली. बाकी भिंत धुराने पिवळी झाली होती, तेवढीच कोरी राहिली होती. सरुबाई तिच्याकडे बघत म्हणाली, "पाहुणे आता इकडून जातीन." मग तिने दार मागून उचललं आणि ते त्याच्या उजव्या खांद्यावर बसवलं. डाव्यावर घ्या, असं ती म्हणाली नाही. "कडी लागीन," एवढंच म्हणाली.

आमलीच्या रस्त्याने तो स्टँडकडे निघाला. माणसं बाजूला होत होती. झेरॉक्सवाला, कॅसेटवाला, सगळे एका चालत्या दाराकडे बघत होते आणि दोघातिघांनी त्याला वाट दिली ती दार उघडून धरल्यासारखी. दवाखान्याखालून जाताना वर खिडकी उघडली.

"अहो!" रजनीताई ओरडली. तिचा घसा बसलेला होता, तरी ओरडली. "अहो, मेल्या, तो खांदा! तोच खांदा!"

झुंबर थांबला. वर बघायचं होतं, पण खांद्यावर दार होतं आणि रस्त्यावर माणसं होती. तो समोर बघतच उभा राहिला.

"दुखतोय ना?" तिने वरून विचारलं.

झुंबरने नीट विचार केला. खांद्यावर फळीची कड रुतत होती आणि तिथे, बरोबर त्याच जागी, ठणका लागला होता.

"दुखतो आहे ताई," तो समोरच्या रस्त्याला म्हणाला. "पण हे आजचं आहे."